हेरवाडचा ठराव



कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड हे गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, तिथल्या ग्रामसभेने ठरवलं, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी उतरवायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसंच करायला सांगितलं.

बांगड्या फोडायला पुढे होणाऱ्या बायका दुष्ट नसतात. नात्यातल्या, शेजारच्या, कित्येकदा स्वतः त्यातून गेलेल्या असतात. रडत रडतच त्या तिचे हात धरतात. मनातून ते अनेकींना नको असतं, पण बाकीच्यांना हे हवंच आहे अशी प्रत्येकीची समजूत असते. मग कुणीच बोलत नाही, आणि सगळ्यांचं गप्प राहणं म्हणजे सगळ्यांची संमती ठरते.

नुसत्या कायद्याने हे सुटत नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्या कायद्याला सदतीस वर्षं होत आली होती. तरी ते आपल्या गावी, मुरुडला गेल्यावर गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला.

मुरुडलाही सभाच भरली होती आणि हेरवाडलाही. चारचौघांत बसून जे लादलं, ते चारचौघांत बसूनच उतरवता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचं बळ नाही, आणि एका ठरावाने घरोघरचं सगळं पालटत नाही. पण पूर्वी नको म्हणणारीला कारण द्यावं लागे. आता ‘गावानं ठरवलंय’ एवढं म्हटलं तरी पुरतं. कारण द्यायची पाळी बांगड्या फोडायला निघालेल्यांवर येते.

वहिनी, संक्रांतीला आपल्याकडे सगळी आळी हळदीकुंकवाला येते. काका गेल्यापासून काकू त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून वाणाच्या पिशव्या भरतात, ओटीवर येत नाहीत. आधी त्यांना विचारा. त्यांची इच्छा असेल, तर यंदा पहिलं कुंकू त्यांना लावा, सगळ्यांच्या देखत. आळीतल्या दोघीतिघींशी मी फोनवर बोलले. त्यांनाही हेच हवं आहे. सुरुवात मात्र तुमच्या हातून व्हावी, असं त्या म्हणाल्या.

तुमची धाकटी नणंद