मास्तर

1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. एसटीचा वर्धापनदिन आला की ही दोन नावं हमखास छापून येतात, आणि ती वाचून मला बरं वाटतं. पण त्यांच्यामागून तशाच खाकी कपड्यांत, तशीच कातडी पिशवी खांद्याला अडकवून हजारो माणसांनी उभ्याउभ्या आयुष्य काढलं. त्यांची नावं डेपोतल्या ड्युटीच्या तक्त्यावर लागली आणि दुसऱ्या दिवशी पुसली गेली. आमचे अप्पा त्यांतलेच एक.

1972च्या दुष्काळाच्या साली अप्पा एसटीत लागले. सुरुवात कोल्हापुरात झाली, मग उरलेली सगळी नोकरी गारगोटीला. प्रवासी त्यांना मास्तर म्हणायचे. बाजारात, लग्नाच्या मांडवात, देवळाच्या पायरीवर, कुठंही गेलो तरी 'मास्तरांचं पोरगं' हीच माझी ओळख, आणि ती मला फार आवडायची.

लहानपणी सुट्टीत मी कधीकधी त्यांच्या गाडीला जायचो. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी हेलकावे खात असताना अप्पा कशालाच धरत नसत. कंबर बाकाच्या दांडीला टेकवायची, डाव्या हातात तिकिटांचा ट्रे, उजव्या हातात पंच. दर सहा किलोमीटरला टप्पा. किती टप्पे, पूर्ण का अर्धं, हे मनात मांडेपर्यंत बोटं योग्य रंगाच्या गठ्ठ्यावर गेलेली असत. तिकीट फाटे, कट्‌कट्‌ भोक पडे, वरची नाणी बोटांच्या बेचक्यातून मोजून हातावर येत. मागून कुणी ओरडलं, "मास्तर, म्हातारी उतरायचीय!", की एक हात वर जाऊन दोरी ओढी. म्हातारीचं गाठोडं खाली ठेवल्याशिवाय डबल बेल पडत नसे.

सगळ्यात अवघड आणि त्यांना सगळ्यात आवडती ड्युटी म्हणजे पाटगावची मुक्कामी गाडी. भुदरगडचा तो पावसाचा पट्टा. जुलैत रस्ता दिसायचा नाही, वेदगंगेला पाणी चढलेलं असायचं. रात्री गाडी पोचली की चालक आणि अप्पा गाडीतच नाहीतर देवळात पथारी टाकत. त्याआधी कंदिलाच्या उजेडात वेबिल पुरं करायचं. प्रत्येक गठ्ठ्याचा शेवटचा नंबर लिहायचा, विकलेली तिकिटं आणि पिशवीतली रोकड यांचा मेळ घालायचा. कमी भरलं तर खिशातून घालायचे. जास्त भरलं तर त्यांना झोप लागत नसे, कारण कुणातरी गरिबाचे सुटे द्यायचे राहिले असणार. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला आठवून, शोधून ते आठ आणे परत करायचे. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्या माणसाच्या चेहऱ्यावर आठ आण्यांपेक्षा पुष्कळ मोठं काहीतरी उमटायचं.

आणि डबे! गारगोटीत 1952 पासून मौनी विद्यापीठ आहे. त्याच्या आधारानं आसपासच्या गावांतली कितीतरी पोरं खोली घेऊन शिकली. त्यांचं जेवण सकाळच्या एसटीनं यायचं. पाटगाव, कडगाव, मधली वाडीवस्ती, प्रत्येक थांब्यावर एखादी आई कापडात बांधलेला डबा घेऊन उभी. "मास्तर, पोराचा तेवढा डबा पोचवा की." "द्या हिकडं, मावशी. काय निरोप हाय?" निरोप बहुतेक एकच असायचा, अभ्यास कर म्हणावं. अप्पा डबे बॉनेटशेजारी ओळीनं लावत, आडवे होऊन रस्सा सांडणार नाही असे. स्टँडवर पोरं वाट बघत असायची. कुणाचा डबा कुठला हे अप्पांना कापडावरून कळायचं. एखादं पोर आलं नाही, तर कॅश भरून झाल्यावर ते स्वतः त्याच्या खोलीवर जात, आजारी आहे की काय बघायला. त्यांतले काही पुढं शिक्षक झाले, काही तहसील कचेरीत लागले. अप्पांना भेटले की ते भर रस्त्यात वाकून पाया पडत. अप्पांना तेव्हा शब्द सुचत नसत.

घराला मात्र ते फार थोडे मिळाले. दिवाळी म्हणजे जादा गाड्या, आषाढी म्हणजे पंढरपूर, चैत्र म्हणजे जोतिबाची जत्रा. जग सणाला घरी निघायचं तेव्हा अप्पा घरातून निघायचे. त्यांच्या अभ्यंगस्नानाचं पाणी आई पहाटे तीनला तापवायची. ड्युटी बघून आईनं आमचं सगळं घर चालवलं. आमची बारशी, धाकट्या काकांचं लग्न, ताईच्या डी.एड.च्या प्रवेशाची धावपळ, सगळं रजा आणि साप्ताहिक सुट्टी जुळवून. दुपारी ते झोपले की आम्ही भावंडं अंगणात खुणांनी बोलायचो. पण पगार झाला की पहिल्यांदा आमच्या वह्या यायच्या, आणि त्या वह्यांवर कव्हरं अप्पाच घालायचे. कोपरे असे काटेकोर दुमडायचे, की वर्ष संपलं तरी कव्हर सुटत नसे. त्यांच्या हातांना नाण्यांचा वास यायचा. साबणानंही तो जात नसे. आजही मूठभर चिल्लर हातात आली की माझा ऊर भरून येतो.

ते निवृत्त झाले आणि थोड्याच काळात तिकिटाचं मशीन आलं. आता ट्रे नाही, पंच नाही, आणि डब्याच्या जागी मेस आली. नव्या वाहकांचं काम हलकं झालं, याचा अप्पांना मनापासून आनंद होता. अप्पा गेले तेव्हा डेपोतली माणसं ड्युटी बदलून आली होती. मुक्कामी गाडीच्या गावांतूनही लोक आले. त्यांतल्या बऱ्याच जणांना अप्पांचं खरं नाव त्या दिवशी कळलं.

माणसाचं मोठेपण कशात असतं यावर मी पुष्कळ वाचलंय. अप्पांइतका मोठा माणूस मला पुस्तकांत क्वचितच भेटला. महाराष्ट्रात ज्यांच्या घरी खुंटीला असा खाकी शर्ट टांगलेला असायचा, त्या सगळ्यांना माझी विनंती आहे: तुमच्या वडिलांचा मार्ग, त्यांचे थांबे, त्यांच्या मुक्कामाची गावं लिहून ठेवा. आई आहे तोवर तिला विचारा. तिला सगळ्या ड्युट्या पाठ असतात.