तारणाची तारीख

तारण, म्हणजे पापाच्या दोषातून, त्याच्या सत्तेतून आणि अखेरीस मृत्यूतून देवाने केलेली माणसाची सुटका, एकदाच घडून पूर्ण होते की आयुष्यभर चालू राहते, हा वाद धर्मशास्त्राच्या ग्रंथांत जितक्या शांतपणे मांडला जातो तितका शांत तो मंडळीत राहत नाही. बालपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी इतरांनी दिलेली वचने स्वमुखाने स्वीकारण्याचा विधी, आणि दर रविवारची उपासना यांत वाढलेल्या प्रस्तुत लेखकाला एका मंडळीचे सभासदत्व मागताना तारण कोणत्या दिवशी झाले असे विचारण्यात आले, आणि तसा एकच दिवस सांगता येत नाही असे उत्तर दिल्यावर अर्ज बाजूला ठेवण्यात आला. अर्ज राहिला याचे दुःख ओसरले. एक रकाना रिकामा राहिला म्हणून घरातील सारी प्रार्थना आणि सारा विश्वास जमेस धरला गेला नाही, हे मात्र अजून सलते.

हेच माप पंडिता रमाबाईंना लावून पाहावे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. धर्म स्वीकारला तरी ख्रिस्त अजून लाभलेला नाही, ही जाणीव त्यांना सुमारे आठ वर्षांनी झाली, असे त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहिले. आणि १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आध्यात्मिक जागृती झाली, तिच्यासाठीही त्या प्रार्थना करीत राहिल्या होत्या. पहिली तारीख लिहावी तर त्यांची स्वतःची साक्ष बाजूला सारावी लागते. दुसरी लिहावी तर मधल्या काळात, १८८९ मध्ये, मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या आणि इंग्लंडमधील ख्रिस्ती वडीलधाऱ्यांचा रोष पत्करूनही आपल्या विवेकाशी प्रामाणिक राहणाऱ्या या बाईंवर देवाची कृपा नव्हती असे म्हणावे लागते, आणि तसे म्हणवत नाही.

एकच तारीख पवित्र शास्त्रही सांगत नाही: पौलाच्या पत्रांत तारण इफिसकरांना झालेले, करिंथकरांना होत असलेले आणि रोमकरांना जवळ येत असलेले असे सांगितले आहे. प्रॉटेस्टंट परंपरा नीतिमान ठरणे, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणामुळे देवाने दोषी माणसाला निर्दोष गणणे, ही पूर्ण झालेली घटना मानते आणि पवित्रीकरण, म्हणजे त्यानंतर स्वभाव पालटत जाणे, ही निराळी वाटचाल मानते, तर १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेने नीतिमत्त्वच वाढत जाते असे ठरविले.

तथापि प्रेषितांच्या कृत्यांतील फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचे आयुष्य एका रात्रीत पालटले, हेही नाकारता येत नाही. वाटचाल चालू आहे असे म्हणत निर्णय पुढे ढकलणारे मंडळ्यांत थोडे नाहीत, आणि ज्या प्रश्नाने प्रस्तुत लेखकाला दुखावले त्यानेच त्याला प्रथम जागेही केले. म्हणून मंडळ्यांनी सभासदत्व देताना आज ख्रिस्तावर विश्वास आहे का, हे अवश्य विचारावे. तारीख विचारू नये.