माहेरचं नाव आणि ॲक्सेसचा पासवर्ड

कोतेची किल्ली हरवली तर दुसरी किल्ली सीलबंद पाकिटात असते. पासवर्डचं तसं पाकीट करायचं २००८ पर्यंत आमच्या पलटणीत कुणाला सुचलं नव्हतं.

तेव्हा आम्ही तेजपूरला होतो. ऑफिसातल्या एका जुन्या संगणकात ॲक्सेस ९७ची फाइल होती, आधीच्या हेड क्लार्क सुभेदार साहेबांनी वर्षानुवर्षं भरलेली. पलटणीतून गेलेल्या प्रत्येक जवानाचं गाव, बायकोची दोन्ही नावं आणि लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरचा नंबर त्यात होता. साहेब पेन्शनवर गेले आणि फाइल बंदच राहिली.

मग सातारा जिल्ह्यातून एका बाईंचं पत्र आलं. नवरा आमच्याच पलटणीचा, पेन्शनवर असताना वारला. आता फॅमिली पेन्शन अडलेली. फौजेच्या कागदात त्यांचं माहेरचं नाव, बँकेच्या पासबुकात सासरचं. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतं, हे आमच्या केरळच्या ॲडज्युटंट साहेबांना दोनदा सांगावं लागलं. पार्ट टू ऑर्डरचा नंबर मिळाला तर रेकॉर्ड ऑफिसला शोधणं सोपं जाणार होतं.

सुभेदार साहेबांना कोल्हापूरकडे फोन लावला. आठ वर्षांपूर्वीचा पासवर्ड कुणाला आठवतो? मुलीचं नाव झालं, आर्मी नंबर झाला. शेवटी म्हणाले, "जोतिबा असेल बघ," आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर सांगितलं. तेही चाललं नाही.

ऑफिसचा संगणक नेटला जोडलेला नव्हता, पेनड्राइव्हला बंदी. बाहेरून सॉफ्टवेअर आणायचा प्रश्नच नव्हता. पण ॲक्सेस ९७चं कुलूप फार लेचंपेचं असतं. पासवर्ड फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो, शून्यापासून मोजलं तर ६६व्या बाइटपासून पुढे २० बाइट. फक्त तो एका ठरलेल्या आकड्यांच्या माळेशी एक्सऑर केलेला असतो. एक्सऑर म्हणजे दोन बिट सारखे असले तर शून्य, वेगळे असले तर एक. तीच माळ परत लावली की मूळ अक्षर हाती येतं. आणि माळ पाठ असायचीही गरज नाही. त्याच ॲक्सेसमध्ये बिनपासवर्डची कोरी फाइल बनवा, त्या जागी ती माळच उघडी दिसते.

ॲडज्युटंट साहेबांची लेखी परवानगी घेतली, फाइलची कॉपी केली, मूळ फाइलला हात लावला नाही. एक्सपीत डॉसच्या काळातला डीबग होता. तो फाइल १०० हेक्सपासून मांडतो, म्हणून आपली जागा ०१४२ला. कोऱ्या फाइलीत तिथे ८६, आमच्या फाइलीत सीसी. कागदावर बिट मांडले, उत्तर ४ए, म्हणजे कॅपिटल जे. पुढे एफबी आणि ए२, उत्तर ५९. वाय! साहेबांनी त्या वेळी ज्योतिबा लिहिलं होतं. सातही अक्षरं काढेपर्यंत दोनदा वीज गेली.

हे ॲक्सेस ९७पुरतंच. २००० आणि २००३च्या फाइलीत त्या माळेत फाइल बनवल्याची तारीखही मिसळलेली असते. २००७नंतरच्या एसीसीडीबी फाइलीत सगळा मजकूरच सांकेतिक होतो. तिथे एकेक शब्द लावून बघण्यापलीकडे इलाज नाही, आणि पासवर्ड लांब असला तर तोही नाही. म्हणजे नवं कुलूप चांगलं, पण पाकीट हवंच.

बाईंची नोंद सापडली. दोन्ही नावं, ऑर्डरचा नंबर, तारीख. त्याच दिवशी रेकॉर्ड ऑफिसला पत्र गेलं, एक प्रत बाईंना.

ॲडज्युटंट साहेब खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, अशा अजून किती? नावांचे दोन्ही रकाने मी शेजारी शेजारी लावले. पलटणीत बहुतेक पोरं सातारा, सांगली, कोल्हापूरची. दोन्ही रकान्यांत एकच नाव असलेल्या ओळी बोटावर मोजण्याइतक्या निघाल्या. ज्यांचे नवरे हयात होते, त्यांना आधी पत्रं पाठवायची ठरली. कागद नवऱ्याच्या सहीने दुरुस्त झाले की पुढे बायकोला धावपळ नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज वीस पत्रं टाइप करत होतो, मराठीतून, कारण घरी ती वाचणार होती बायकोच.