असईला काय बघायचे?

पाथरीहून सेलू, मंठा, जालना, भोकरदन असे करत असईला पोहोचता येते. पोहोचून बघायचे काय, हा प्रश्न मात्र पाठ सोडत नाही. 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजेचा ईस्ट इंडिया कंपनीच्या आर्थर वेलस्लीने इथे पराभव केला. आज तिथे शेते आहेत. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण उठताबसता वापरतो. तिच्या जुन्या संस्कृत रूपात डोंगराच्या पंगतीला युद्धाच्या गोष्टीही बसवल्या आहेत. त्याही लांबूनच गोड. म्हणीचे म्हणणे असे, की जवळ गेलात तर खाचखळगे दिसतील आणि भूल उतरेल. या हिशेबाने रणभूमी पाहायला जाणे हा युद्धाची भूल उतरवण्याचा खात्रीचा उपाय ठरायला हवा. पण असईला जवळ जाऊनही खाचखळगे दिसत नाहीत. दोन नद्यांच्या बेचक्यातले पिकाऊ रान दिसते. डोंगर निदान जवळून रखरखीत तरी होतो. रणभूमी दोनशे वर्षांनी जवळून हिरवी दिसत असेल, तर म्हणीने काय करावे? तिने गृहीत धरले आहे, की जवळ गेले म्हणजे खरे दिसते. ते गृहीतच इथे डळमळते.

तरीही एक गोष्ट जागेवर गेल्यावाचून नीट उमगत नाही. शिंदे-भोसल्यांची फौज केळणा नदीच्या उत्तरेला होती, वेलस्ली दक्षिणेकडून आला. पुढे नदी ओलांडायला उतार नाही, असे वाटाड्यांनी त्याला सांगितले. त्याने पाहिले ते एवढेच, की नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर आहेत, पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळची गावे म्हणजे मधे येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला, आणि त्या उतारावरून पलटणी केळणा आणि जुई या नद्यांच्या मधे शिरल्या. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या या सेनापतीने उतारवयात आपली सर्वांत सरस लढाई म्हणून असईचेच नाव घेतले. त्याच्या चरित्रांत हा तर्क त्याच्या प्रतिभेचा पुरावा म्हणून येतो. पण उतार प्रतिभेने तयार होत नाही. तो सोयरिकीने, बाजाराने, पलीकडे चरायला जाणाऱ्या गुरांनी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी तयार होतो. त्या पायांची वाट तोफांना मिळाली. हे लक्षात आले, की नकाशावरचे बाण मागे पडतात आणि ज्यांचे गाव अचानक रणांगण झाले ती माणसे समोर येतात. रणभूमीला जाण्याच्या बाजूने माझ्याकडे असलेला सर्वांत सबळ पुरावा हाच.

या माणसांविषयी कागद गप्प आहेत. ते बोलतात फौजांविषयी: कंपनीकडचे 428 मेले, अकराशेंवर जखमी झाले. लढलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. त्यांत स्कॉटिश गोरे होते, तसेच मद्रासचे शिपाईही मोठ्या संख्येने होते. मराठ्यांच्या 98 तोफा हाती लागल्याची मोजदाद आहे, मेलेल्यांचा आकडा मात्र अंदाजाने सांगतात. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, संगिनींनी भोसकले जाईपर्यंत उभे राहिले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि पलटण पुढे सरकताच उठून तिच्या पाठीवर तोफा डागू लागले. शत्रूनेच हे लिहून ठेवले, म्हणून आपल्याला ठाऊक. त्यांतल्या एकाचेही नाव सांगता येत नाही. पाथरीच्या प्रवाशापुढे आणखी एक पेच आहे. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सरदार पोहलमन हा हॅनोव्हरचा, तर वेलस्लीच्या बाजूला पेशव्यांचे स्वार. रान निजामाच्या मुलखातले, आणि निजाम कंपनीचा दोस्त. पाथरीही 1948 पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिली. मग असईच्या बांधावर उभे राहून ‘आपण हरलो’ म्हणताना त्या ‘आपण’मध्ये कोण कोण येते?

कोणी म्हणेल, अशा जागा पाहणे म्हणजे साम्राज्याची टिमकी वाजवणे. आक्षेप पोकळ नाही. असईत लढलेल्या गोऱ्या पलटणींना निशाणावर हत्तीचे चिन्ह मिळाले. 1851 साली मंजूर झालेल्या पदकाच्या पट्ट्यांवर असई, गाविलगड, खडकी, कोरेगाव ही आपली गावे परक्या उच्चारात कोरली गेली. पण कोरेगाव भीमाच या आक्षेपाला उत्तरही देते. 1 जानेवारी 1818 च्या लढाईचा स्तंभ कंपनीने आपल्या मानासाठी उभारला. त्यावर कंपनीच्या बाजूने लढताना पडलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली राहिली. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि आता दरवर्षी लाखो लोक जातात. ते साम्राज्याला सलाम करायला जात नाहीत. आपल्या पूर्वजांची नावे वाचायला जातात. म्हणजे जागेचा अर्थ उभारणारा ठरवत नाही, येणारा ठरवतो. पण याला लगेच फाटा फुटतो: तिथे वाचायला नावे होती. असईच्या गोलंदाजांची नावेच नसतील, तर येणाऱ्याने अर्थ कशाच्या आधाराने ठरवायचा?

आणि नावांचाच प्रश्न काढला, तर असई फार लहान पडते. 1803-04 मध्ये दख्खनात भीषण दुष्काळ पडला. आदल्या वर्षी यशवंतराव होळकरांच्या फौजा मुलूख तुडवून गेल्या होत्या, पेंढाऱ्यांची लूट चालू होती, वर पावसाने दगा दिला. त्यातच लष्करांना दाणावैरण लागे, आणि बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य लादून छावण्यांच्या मागे जात. धान्य जिथे फौज तिथे, आणि गाव उपाशी. अहमदनगरला भुकेल्या लोकांना कामावर लावून पोट भरण्याची सोय खुद्द वेलस्लीला करावी लागली, हे त्याच्या पत्रव्यवहारात आहे. असईची लढाई एका दुपारची होती. भुकेची महिनोन्‌महिने चालली. तिला तारीख नाही, विजेता नाही, स्तंभ नाही. तिची रणभूमी शोधायला निघालो, तर भोकरदनपर्यंत जाण्याचे कारण उरत नाही. वाटेतले कोणतेही शिवार चालेल. लढाईच्या जागेला जाऊन आपण त्या वर्षाचा सर्वांत कमी महत्त्वाचा दिवस तर पाहत नाही ना, अशी शंका मला आता येते.

तर मग घरी बसून पुस्तक वाचावे, असे कोणी सुचवेल. पुस्तकात उतार एका वाक्यात संपतो, आणि नदीकाठी ती दोन गावे अजून माणसांनी भरलेली आहेत. म्हणून जाणे व्यर्थ आहे, असे मला म्हणवत नाही; जाऊन खरे काय ते कळते, असेही ठामपणे म्हणता येत नाही. एवढे मात्र सांगतो: असईला जाणार असाल, तर वेलस्ली कुठे उभा होता हे शोधण्याआधी पिंपळगाव-वरूडचे लोक नदी कुठून ओलांडत आले आहेत, ते तिथल्या जाणत्यांना विचारा. सप्टेंबरात पीक उभे असते, तेव्हा शेतकऱ्याला विचारल्याशिवाय रानात पाऊल टाकू नका. त्या मातीतून फौजा एकदा न विचारता गेल्या आहेत.