उडते कीटक आणि आमचा साधा कॅमेरा

मनुष्यास एखादा तरी छंद असावा, असे वडीलधारी मंडळी नेहमी सांगतात. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी, तर कोणी आगपेट्यांवरील चित्रे. आम्हां तिघा मित्रांचा छंद ऐकून मात्र माणूस प्रथम हसतो. उडत्या कीटकांची छायाचित्रे घेणे हा तो छंद होय. पानावर स्वस्थ बसलेल्या फुलपाखराचे चित्र कोणीही घेईल. परंतु फुलापुढे क्षणभर तरंगणारी मधमाशी किंवा काठीवर परतणारा चतुर हवेतच टिपावयाचा, आणि तोही अगदी साध्या कॅमेऱ्याने, यात काही निराळीच मौज आहे.

आमचा कॅमेरा आमच्यापैकी एकाच्या मामांचा. त्यांनी नवा मोबाईल घेतला, तेव्हा ‘आता याचे मला काय काम?’ म्हणून तो भाच्याच्या हाती दिला. तो शर्टाच्या खिशात मावतो. त्याचे भिंग बदलता येत नाही. प्रकाश किती वेळ आत घ्यावा, हेही आपण ठरवू शकत नाही. ते तो स्वतःच ठरवितो. भर उन्हात तो सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात चित्र घेतो, ही त्याची जमेची बाजू. परंतु बटण दाबल्यावर चित्र निघेपर्यंत तो जो विचार करीत बसतो, त्यास तोड नाही!

हा विचार किती वेळ चालतो, ते आम्ही मोजून पाहिले. एकाने मोबाईलवरील सेकंद मोजणारे घड्याळ सुरू केले आणि दुसऱ्याने बरोबर पाच सेकंद होताच बटण दाबले. चित्रात आकडा उमटला तो पाच सेकंद आणि वर सुमारे चार दशांश. पुन्हा पुन्हा करूनही उत्तर जवळजवळ तेच आले. आता चतुर सेकंदास पाच मीटर जातो असे धरले, तर तेवढ्या वेळात तो दोन मीटर पुढे गेलेला असणार. अर्ध्या हातावरून घेतलेल्या चित्राच्या चौकटीत मग उरते ती रिकामी फांदी. अशा रिकाम्या फांद्यांचा आमच्याजवळ मोठाच संग्रह आहे. अर्धे बटण दाबून धरले, तर कॅमेरा अंतर आधीच जुळवून ठेवतो आणि उशीर पुष्कळ कमी होतो. पण त्यासाठी कीटक कोठे येणार हे आधी ठाऊक हवे. ते ठाऊक कसे व्हावे?

याचे उत्तर आम्हांस धारवाडच्या केलगेरी तलावाकाठी एका वृद्ध शेतकऱ्याने दिले. आम्ही काठाकाठाने एका लाल चतुराचा पाठलाग करीत होतो. म्हातारबाबा बैल धुता धुता बराच वेळ आमच्याकडे पाहत होते. अखेर ते कानडीत म्हणाले, “अरे पोरांनो, त्याच्यामागे कशाला धावता? ती काठी त्याची आहे. काठीपाशी बसा, तो येईल.”

“खरेच येईल, अज्जा?” आम्ही विचारले.

“तुम्ही शाळा सुटल्यावर घरी जाता ना? तसाच तो.”

आणि तो आला! पुढे पुस्तकात वाचले की, पुष्कळ जातींचे नर चतुर पाण्याकाठचा लहानसा तुकडा आपला मानतात, भक्ष्यावर किंवा प्रतिस्पर्ध्यावर झेप घेतात आणि फिरून त्याच काठीवर येतात. आम्ही मग काठीच्या टोकावर कॅमेरा जुळवून, अर्धे बटण दाबून, सूर्य पाठीशी पण आपली सावली काठीवर पडणार नाही अशा बेताने बसू लागलो. एकाच्या हाती कॅमेरा, दुसऱ्याची नजर चतुरावर, तिसऱ्याच्या मांडीवर वही, अशी कामाची वाटणी झाली. बसण्यापूर्वी चतुर बहुधा काठीच्या वर क्षणभर थबकतो. तो क्षण आमचा! शंभर चित्रांत एखादेच साधते, पण ते साधले की तिघेही मारुतीच्या देवळापर्यंत नाचत जातो.

पंखांचे गणितही मोठे मनोरंजक आहे. फुलपाखरू सेकंदास साधारण दहा वेळा पंख हलविते, चतुर तीसएक वेळा, आणि मधमाशी सुमारे २३० वेळा. आमचा कॅमेरा सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र घेतो, तेवढ्यात चतुराचा पंख फारसा सरकत नाही. म्हणून त्याच्या पंखावरील जाळीदेखील उमटते. मधमाशीचा पंख मात्र तेवढ्यात आपल्या फेरीचा जवळजवळ चौथा हिस्सा कापतो. तिच्या अंगावरची लव स्पष्ट दिसावी आणि पंखांच्या जागी नुसते धुके असावे, असे आमच्या चित्रात घडते ते यामुळे. कधी मात्र पंख अगदी वर किंवा अगदी खाली पोहोचून उलट फिरण्याच्या बेतात असतो. झोका टोकाशी जसा थांबतो, तसा तोही तेथे निमिषभर थांबतो. नेमक्या त्या निमिषी चित्र निघाले, तर साधा कॅमेराही नशीब काढतो.

हे निमिष पकडण्यासाठी थोरामोठ्यांनी काय काय केले, ते वाचून आम्हांस धीर आला. पॅरिस येथे मारे या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत ल्युसिअन बुल यांनी १९०४ साली विजेच्या ठिणग्यांच्या प्रकाशात उडत्या कीटकांची चित्रे घेतली. कीटकाने उड्डाण करताच यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी त्यांची योजना होती. पुढे १९७० नंतरच्या दशकात इंग्लंडचे स्टीफन डाल्टन यांनी कीटकाच्या मार्गात प्रकाशाचा बारीक झोत सोडला. कीटकाने तो छेदला की कॅमेरा चाले आणि डोळ्यांना कळणारही नाही इतका क्षणिक लखलखाट होई. म्हणजे एवढी यंत्रे असूनही ‘आता घ्या’ हे सांगण्याचे काम त्या दोघांनी कीटकावरच सोपविले होते! आमच्याजवळ ठिणगी नाही आणि झोतही नाही. आम्हांस ते बोलावणे कीटकाच्या सवयींतून ओळखावे लागते, एवढाच फरक.

सवयी ओळखण्याची ही विद्या आमच्या मुलखास नवी नाही. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, कारवार येथे, टी. आर. बेल नावाचे वनाधिकारी होऊन गेले. त्यांनी कित्येक वर्षे सुरवंट पाळून, कोणता सुरवंट कोणत्या झाडाची पाने खातो आणि त्यातून कोणते पाखरू निघते, याची नोंद केली. स्कॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला मोठ्या पतंगांवरील ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा धडा आम्ही परसातल्या कढीलिंबावर गिरविला. लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालणारे एक काळे-पिवळे फुलपाखरू आहे. ते बागेत वाऱ्यासारखे भिरभिरते आणि कॅमेऱ्यास दाद देत नाही. पण अंडी घालावयाची मादी कढीलिंबाच्या कोवळ्या शेंड्यापाशी येऊन फडफडत राहते. झाड ठाऊक असले की पाखरू आपण होऊन दारी येते.

या फुलपाखरास आमच्या घरी फुलपाखरू म्हणतात, शेजारी चिट्टे म्हणतात, आणि जुन्या धारवाडी बोलीत त्याचे नाव पातरगित्ती. आमच्या गावचे कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. पण पातरगित्तीवर त्यांनी कानडीत जी कविता लिहिली, ती येथील लहान मुलांनाही ठाऊक असते. आमच्या वहीत म्हणूनच प्रत्येक कीटकापुढे मराठी व कानडी नावांसाठी दोन रकाने आहेत. काही ठिकाणी एक रकाना रिकामा आहे, काही ठिकाणी दोन्ही. ते भरण्यासाठी आजी, शेजारच्या काकू आणि अज्जा यांच्याकडे खेपा घालाव्या लागतात.

पावसाळ्याच्या अखेरीस मैदानावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, ते सर्वांनी पाहिले असतील. ते सहसा बसतच नाहीत. तेथे काठीची युक्ती चालत नाही. त्यांच्यासाठी कॅमेरा त्यांच्याच गतीने फिरवावा लागतो. मालदीव बेटांवर राहिलेले जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली असे मांडले की, हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत. आमच्या चित्रातील तो पिवळा ठिपका कदाचित आफ्रिकेचा प्रवासी असेल, या कल्पनेने आमच्यापैकी एकाच्या धाकट्या भावाने चतुराच्या शेपटीला दोरा बांधण्याचा खेळ सोडला. “त्याला लांब जायचे आहे,” असे तो इतर मुलांस गंभीरपणे सांगतो.

या छंदातील एक दुःखही सांगितले पाहिजे. आमच्या वसाहतीमागे पावसाळ्यात एक डबके साचत असे आणि त्याचे पाणी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिके. गेल्या वर्षी तेथे मुरूम टाकण्यात आला आणि जमिनीचे प्लॉट पडले. डास जातील म्हणून लोकांस बरे वाटले. परंतु चतुराची पिले पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात, हे कोणी लक्षात घेतले नाही. यंदा पाऊस आला, पण त्या जागी एकही चतुर आला नाही. आमच्या वहीची नऊ पाने त्या डबक्याची आहेत. त्यांत लव्हाळ्यावर उतरणाऱ्या एका लाल चतुराचे चित्र आहे. चारही पंख उघडे, पाय पुढे केलेले, आणि काडी अजून बोटभर दूर. ते डबके होते, याचा एवढाच पुरावा आता आमच्याजवळ उरला आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांस आमची एक विनंती आहे. हुबळीत उणकल तलाव आहे, धारवाडात केलगेरी आहे, आणि प्रत्येक वसाहतीत एखादे नाव नसलेले डबके आहे. आपण ती आपसांत वाटून घेऊ. घरात जो कॅमेरा किंवा मोबाईल असेल, तो पुरेसा आहे. महिन्यातून एका रविवारी तेथे तासभर बसावे, जे उडेल ते टिपावे, तारीख, वेळ आणि जागा लिहावी. चित्र अस्पष्ट आले तरी ते ठेवावे; कोण, कोठे, केव्हा उडत होते, हे तेही सांगतेच. वर्षअखेर सर्वांच्या वह्या एकत्र आणल्या, तर आपल्या जोडगावांच्या पाणवठ्यांचा एक जमाखर्च तयार होईल. आम्ही आमच्या वहीचे पुढचे पान आखून ठेवले आहे.