खडूने लिहिलेलं नाव

४ नोव्हेंबर २०१६ ची सकाळ. शिकागोच्या रिगली फील्ड मैदानाबाहेर मी अनोळखी लोकांकडे खडू मागत फिरत होते. माझा खडू लोकलच्या गर्दीत पर्समध्येच चिरडला गेला होता आणि मला एक नाव लिहायचं होतं.

नाव होतं आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं. निवृत्त बस ड्रायव्हर. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू मारल्यावर बॅट टाकून का पळायचं, इथून सुरुवात! उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आजोबा मागच्या जिन्यात रेडिओ लावून बसायचे आणि मला न कंटाळता समजावायचे. मी त्यांना चहा नेऊन द्यायचे. आलं मात्र त्यांना चालायचं नाही.

त्यांचा संघ शिकागो कब्स. वर्ल्ड सिरीज शेवटची जिंकली १९०८ मध्ये, आजोबांच्या जन्माच्याही आधी. १९४५ साली एका बारमालकाला त्याच्या बोकडासकट मैदानाबाहेर काढलं, त्याने शाप दिला, ही गोष्ट ते दर हंगामात एकदा तरी सांगत. गंमत वाटायची, पण त्यानंतर ७० वर्षं संघ अंतिम मालिकेपर्यंत पोचलाच नव्हता हेही खरंच. "पुढच्या वर्षी बघ," ते म्हणायचे. २०१६ च्या मार्चमध्ये आजोबा गेले. हंगाम सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते.

आणि नेमकं त्याच वर्षी! सात सामन्यांच्या मालिकेत कब्स ३-१ असे मागे होते. तिथून बरोबरी साधली. शेवटचा सामना क्लीव्हलँडमध्ये, नऊ डावांनंतरही बरोबरी, मग १७ मिनिटं पाऊस. दहाव्या डावात ८-७ असा विजय मिळाला तेव्हा शिकागोत रात्रीचे बारा वाजत आले होते. आमच्या गल्लीत लोक पातेली बडवत होते. मी मात्र त्या रिकाम्या जिन्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या मुलीचा फोन आला. ती दूर, दुसऱ्या राज्यात राहते. मैदानाच्या विटांच्या भिंतींवर लोक आपल्या गेलेल्या माणसांची नावं खडूने लिहीत आहेत, असं तिने टीव्हीवर पाहिलं होतं. "बाबांचं लिहिशील?"

भिंत जवळून पाहिली आणि पोटात कालवलं. आई, आजी, काका, भाऊ, सगळे एकमेकांना चिकटून. हात पोचेल तिथवर एकही वीट मोकळी नव्हती. एका कॉलेजकुमाराने मला निळा खडू दिला. "कुणाचं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, शेजाऱ्यांचं. त्याने मान डोलावली आणि सरळ गुडघ्यावर बसला. त्याच्या मांडीवर पाय ठेवून, साडेपाच वार सांभाळायची सवय असलेली मी जीन्समध्येही अवघडत वर चढले आणि आजोबांचं नाव लिहिलं. शेजारी जागा उरली तिथे देवनागरीतही.

मिरवणूक म्हणाल, तर तासन्‌तास उभं राहून मिनिटभर दिसली. उघड्या बस, निळे कागदाचे तुकडे, चमकणारा चषक, आणि खेळाडूच आमचे फोटो काढताहेत! २००७ मध्ये मुंबईत धोनीच्या संघाची बस पावसात पाहिली होती, त्याची आठवण झाली. फरक इतकाच, की इथे शेजारचे सत्तरीतले गृहस्थ हुंदके देऊन रडत होते आणि कुणालाही त्यात नवल वाटत नव्हतं. महापालिकेच्या अंदाजाने त्या दिवशी ५० लाख माणसं रस्त्यावर होती. आकड्यावर नंतर वाद झाले. मला तर त्यातले अर्धे माझ्याच पायावर उभे असल्यासारखे वाटले.

ग्रँट पार्कमधली सभा फोनवरच पाहिली. निवृत्त होणाऱ्या डेव्हिड रॉसबद्दल बोलताना अँथनी रिझोचा गळा दाटून आला. संध्याकाळी नदीवर गेले, तर पाणी खरोखरच निळं रंगवलेलं.

घरी येताना भिंतीचा फोटो आजोबांच्या मुलीला पाठवला. खूप वेळ काही उत्तर नाही. मग आलं: "ही वेव्हलँड रस्त्याकडची भिंत ना? बाबा तिच्याच आतल्या बाजूला, बाकांवर बसायचे."