बांधीतलं इंग्रजी

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळच्या पदमपूरचं नाव भवभूतीशी जोडलेलं आहे. आठव्या शतकातल्या या नाटककाराचं गाव पद्मपूर ते हेच, असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. भवभूतीच्या नाटकांच्या प्रस्तावनेत त्याची ओळख ‘पदवाक्यप्रमाणज्ञ’ अशी करून दिली जाते. व्याकरण, मीमांसा आणि न्याय या तीन शास्त्रांचा जाणकार, असा त्याचा अर्थ. व्याकरणाचं नाव त्यात पहिलं येतं. ज्या मातीत व्याकरण येणं हे कवीचं भूषण मानलं गेलं, तिथेच आज आठवी-नववीतलं मूल इंग्रजीच्या वहीतल्या लाल रेघांकडे बघत गप्प बसतं.

या मुलाला भाषा कमी येतात म्हणून ते गप्प आहे, असं कुणी समजू नये. गोंदिया जिल्ह्यात घरी पोवारी किंवा झाडीबोली, सालेकसा-देवरीच्या पट्ट्यात गोंडी आणि हलबी, बाजारात हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी, असा रोजचा प्रवास चाललेला असतो. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली; ती या मुलाची तिसरी, कधी चौथी भाषा. एका भाषेतून दुसरीत जाण्याची सवय त्याला शाळेच्या आधीच लागलेली असते.

म्हणून त्याच्या चुकांकडे जरा मायेने पाहावं लागतं. ‘माय फादर आर अ फार्मर’ असं वाक्य वहीत आलं, की लाल पेन ‘आर’ खोडून ‘इज’ लिहितं आणि पुढे सरकतं. पण ते ‘आर’ आलं कुठून? बाबा आला नाही, बाबा आले. मराठीत आदर अनेकवचनात राहतो, आणि मुलाने तो इमानाने इंग्रजीत नेला. इंग्रजी क्रियापद वडिलांचा मान ठेवत नाही, ते फक्त माणसं मोजतं, एवढं एकदा समजावून सांगितलं तर ती चूक जाते. नुसतं खोडलं तर पुढच्या निबंधात ती आजोबांच्या वाक्यात पुन्हा उगवते.

काळाचंही तसंच. गोंदिया जंक्शनवर उभा असलेला माणूस म्हणतो, ‘सकाळपासून गाडीची वाट बघतोय.’ मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला मात्र सकाळपासून आत्तापर्यंतचा सगळा पट्टा क्रियापदात दाखवावा लागतो: ‘आय हॅव बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग.’ उलट बाजूने, ‘काल त्याला पाहिलंय’ हे मराठीत सहज खपतं, पण ‘यस्टर्डे’ आलं की इंग्रजी ‘हॅव सीन’ला दार बंद करते आणि ‘सॉ’ मागते. याच स्टेशनवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एकामागून एक घोषणा होतात. गाडी थोड्याच वेळात ‘येत आहे’ आणि ‘इज अरायव्हिंग शॉर्टली’ इथे दोन्ही भाषा एकाच वाटेने जातात. कुठे जुळतं आणि कुठे फुटतं, हे कान देऊन ऐकणाऱ्याला फुकटात कळतं.

‘अ’ आणि ‘द’ यांच्यासाठी तर इथला सारस आहे. तळ्याकाठी, धानाच्या बांधीत जोडीने वावरणारा आणि धानातच घरटं करणारा हा पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः याच भागात उरला आहे. ‘वुई सॉ अ पेअर ऑफ सारस क्रेन्स निअर अवर फील्ड. द पेअर हॅड बिल्ट अ नेस्ट इन द पॅडी.’ जोडी पहिल्यांदा दिसली तेव्हा ‘अ’, ओळख झाल्यावर ‘द’. घरटं आधीच बांधलेलं होतं, म्हणून ‘हॅड बिल्ट’. दोन वाक्यांत दोन अवघड गोष्टी मार्गी लागतात.

महाराष्ट्रातल्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. पुढे रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड व्याकरण आलं. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले, ‘बो जेस्ट’ या १९२४ सालच्या कादंबरीचे लेखक. ही पुस्तकं आजही कामाची आहेत. त्यांच्यातली वाक्यं मात्र परक्या घरातली आहेत, आणि सराव परक्या वाक्यांवर जितका होतो त्याहून कितीतरी जास्त आपल्या कामाधंद्याच्या वाक्यांवर होतो.

धानाचंच बघा. पऱ्हे टाकतात, रोवणी करतात, कापणी-मळणी करतात, मग धान भरडाईला नेतात. कोण करतं हे मराठी सांगत बसत नाही. ‘करतात’ म्हटलं की झालं. ‘रोवणी केली जाते’ असं बांधीत उभं राहून कुणी बोलत नाही. इंग्रजीत मात्र कर्ता झाकायचा तर बहुधा कर्मणी प्रयोग लागतो: ‘द सीडलिंग्ज आर अपरूटेड अँड ट्रान्सप्लांटेड.’ उसना तांदूळ करणाऱ्या गिरणीत मूल एकदा जाऊन आलं, तर ‘पॅडी इज सोक्ड, स्टीम्ड अँड ड्राइड बिफोर इट इज मिल्ड’ हे वाक्य त्याला पाठ करावं लागत नाही. पुढे तूस वेगळं होतं, कोंडा निघतो, कणी चाळली जाते. प्रत्येक टप्प्याला एक कर्मणी वाक्य. गोंदियात तांदळाच्या गिरण्यांना तोटा नाही; असं असताना प्रयोगाचा, म्हणजे ‘व्हॉइस’चा, धडा फळ्यावर शिकवून संपवणं ही खरोखर मोठी नासाडी आहे.

तपासण्याची रीतही थोडी बदलायला हवी. एका पानावर चाळीस खुणा केल्या की मूल एकही वाचत नाही. एका आठवड्यात फक्त ‘अ’ आणि ‘द’ पाहावेत, पुढच्या आठवड्यात फक्त काळ, आणि तोच मजकूर मुलाकडून पुन्हा लिहून घ्यावा. पत्रलेखनाला विषय शोधत फिरायला नको. धान विकून चुकारे थकले, तर खरेदी केंद्राला लिहायचं पत्र घरोघरच्या गरजेचं आहे. ‘वुई सोल्ड अवर पॅडी इन डिसेंबर. द पेमेंट हॅज नॉट बीन रिसीव्ह्ड येट.’ पहिल्या वाक्यात महिना ठरलेला, म्हणून साधा भूतकाळ. दुसऱ्यातली गोष्ट अजून संपलेली नाही, म्हणून ‘हॅज’. आणि पैसे कुणी अडवले याचा आरोप न करता मागणी करायची, म्हणून कर्मणी. असं पत्र वर्गात मोठ्याने वाचून घ्यावं, आणि गुण त्यानंतर द्यावेत.